लेंडी ओळखणारी बोटं

परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली हरणाच्या लेंड्या दिसल्या. मी एक उचलून दाबली, तशी नात म्हणाली, "आजी, दॅट्स सो ग्रॉस."

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होते. लॅबमधला डेल मार्चमध्ये मला रानात घेऊन गेला. बर्फ वितळत होता, कुजक्या पानांचा वास सुटला होता. हरणं कुठे वावरतात ते आत्ताच हेरून ठेवलं की नोव्हेंबरच्या हंगामात शिकार सोपी, असं तो म्हणाला. मी शेळ्या पाळणाऱ्या घरातली. लेंडी फोडून सांगितलं, "ही आजचीच." दबलेलं गवत दाखवलं, "इथे बसतात, त्या वाटेने पाण्यावर जातात." डेल नकाशावर खुणा करत म्हणाला, "यू आर अ जीनियस." मी हुरळून गेले.

नोव्हेंबरात त्याने कागदात गुंडाळलेलं हरणाचं मटण हातात ठेवलं. "तू म्हणालीस तिथेच बसलं होतं. हा तुझा वाटा." कागदातून रक्त पाझरून माझी बोटं चिकट झाली.

घरी खाटीक शेळी न्यायला आला की मी गोठ्यामागे लपायचे. इथे मीच बोट दाखवलं होतं, तेही शाबासकीसाठी.

नात म्हणतेय, हात धू. लेंडीची किळस मला कधीच वाटली नाही. त्या बोटाची अजून वाटते.