पलंगाच्या दांड्यावरची टकटक

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि आम्ही त्यांना तुडीलहून महाडला माझ्या घरी आणलं. तेव्हापासून ते चालत्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकतात. टक टक. थोडं थांबतात, पुन्हा टक टक.

आई पाणी पुढे करते, ते तोंड फिरवतात. बायको पंखा लावते, मी बंद करतो. उशी वर केली, खाली केली, खिडकी उघडली, तरी टकटक चालूच. मी मुळात तापट, त्यात काही म्हणता काही कळेना. रडूच यायचं बाकी होतं.

मग एका रविवारी गावाकडचे होडीवाले चाचा आले. बाबांनी सावित्रीच्या खाडीतून उभा जन्म वाळू काढली, ती यांच्याच होडीवरून. तळात बांबू रोवायचा, त्याला धरून बुडी मारायची, चाचपडत बादलीत वाळू भरायची आणि होडीवरच्याने दोराने ती वर ओढायची. पुढे पंप आले, मग वाळू उपशावर बंदी आली. आता पूर टळावा म्हणून नदीतला गाळ काढायला यंत्रं लागलीत. आमच्या माणसांनी नदीचं भलं केलं की वाटोळं, तेही मला धड सांगता येत नाही.

टकटक ऐकून चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी जवाब का नाय देत?"

"कशाला जवाब?"

"पान्याखाली मानूस बोलनार कसा? बादली भरली का तो बांबू दोनदा ठोकायचा. वरून मी एकदा ठोकायचा, मंग खेचायचा. वरून ठोका नाय आला तर खालच्यानं समजायचं, होडीवर कोन नाय."

चाचांनी दांड्यावर एकदा ठोकलं. बाबांचा हात थांबला.

इतके दिवस आम्ही तिघं त्यांच्या उशाशी होतो.

"पण चाचा, इथे बादली कुठाय? ओढायचं काय?"

"ते मला पन नाय समजत, बाला," म्हणाले आणि बराच वेळ बाबांचे पाय चेपत बसले.

आता ठोक्याला मी ठोका देतो. बाबा हात खाली ठेवतात आणि ओढायची वाट बघत माझ्याकडे पाहत राहतात. मी तसाच बसून असतो.