पहिल्या धारेचे मानकरी

आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेलं नाही, हे माझे सासरे फार अभिमानाने सांगत. सांगत ते आमच्याच दारूच्या कारखान्याच्या दारात उभं राहून. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि डोक्यावर पाटी, 'सेंद्रिय द्राक्षांची अस्सल ब्रँडी'. त्यांचे भागीदार नारायणगावच्या पेठेतले एक शेठ. शेठचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ स्वतः आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत. घराणं जैन, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. म्हणजे एका मालकाला माळ आड येत होती, दुसऱ्याला धर्म. आपण काय विकतोय हे चाखून बघायची सोय दोघांनाही नव्हती.

उरले मी. मी घरची सून. सुनेने असल्या गोष्टींचा वाससुद्धा घेऊ नये, असा घरचा नियम. पण सून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती आणि परवान्याच्या अर्जावर 'तांत्रिक जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना होता. तिथे शिकलेला माणूस लागायचा. नवरा चाकणच्या कंपनीत, तो रविवारचा पाहुणा. मग एके दिवशी मी भाकऱ्या थापत असताना सासऱ्यांनी माझ्यासमोर कागद धरला आणि मी पिठाच्या हाताने सही केली. अशा रीतीने मी तज्ज्ञ झाले.

दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. सासरे कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी बागेवरची औषधं बंद केली. त्या हंगामात मणी चण्याएवढे राहिले, निम्मे तडकले, नारायणगावच्या व्यापाऱ्यांनी घड हातात घेऊन परत क्रेटमध्ये ठेवले. इतर शेतकऱ्यांनी अशा मालाला 'गेलेला माल' म्हटलं असतं. आम्ही 'सेंद्रिय' म्हणालो. शेठनी पुण्याहून एका जाहिरातवाल्याला बोलावलं. त्याने एक दुपार बागेत काढली, तीन ग्लास ताक प्यायला आणि माहितीपत्रक लिहून दिलं. त्यात आमची ब्रँडी म्हणजे 'परंपरा आणि संस्कृतींचा संगम' होती. द्राक्षं आमची, भांडवल शेठचं, तांब्याचं भांडं पुण्याच्या तांबटाने घडवलेलं, त्याचा आराखडा परदेशी पुस्तकातला आणि सुगंधाला भीमाशंकरच्या डोंगरातली मोहाची फुलं. संगमाला एकच गोष्ट कमी होती. दारू काढायची कशी, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलेली बाई शिनोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एका वाडीत राहत होती. महादेव कोळ्यांची वाडी. मावशी साठीच्या पुढची, काटक, नऊवारी लुगडं घोट्याच्या वर. मोहाची दारू काढण्यात तिच्या हाताला तोड नाही, असं सगळेच सांगत. पोलीसही सांगत, कारण तिला तीनदा जीपमध्ये घालून नेणारे तेच होते. तीनदा तिची मडकी फोडली होती. सासऱ्यांनी तिला कामाचं विचारलं तेव्हा तिने मजुरी काय देणार हे विचारलंच नाही.

"मला फोटूचा कागुद द्या," ती म्हणाली. "सही-शिक्का मारल्याला. म्हंजी मला पुन्ना जीपमदी घालायचे न्हाईत."

कागद मिळाला. प्लास्टिकमध्ये घातलेलं ओळखपत्र, फोटो, 'परवानाधारक कारखान्यात कामगार' अशी ओळ. ते ती गळ्यात घालून फिरे. घोडेगावच्या बाजारात एका हवालदाराने तिला जुन्या ओळखीने हटकलं, तेव्हा तिने कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटंपालटं करून वाचलं आणि म्हणाला, "जा मावशी." हा प्रसंग तिने मला निदान दहा वेळा सांगितला. त्या दोन शब्दांसाठी ती रोज पहाटे वाडीतून चालत शिनोलीच्या रस्त्याला येई आणि दोन जीप बदलून आमच्याकडे पोचे.

कामाला बसली की ती दुसरीच बाई असे. माझ्याकडे काचेची नळी, तापमापक आणि कॉलेजचं जाड पुस्तक. तिच्याकडे तळहात. भांडं तापलं आणि नळीतून धार सुरू झाली की ती तळहातावर दोन थेंब घेई, चोळी आणि हुंगे. सुरुवातीच्या धारेला पंक्चरच्या सोल्युशनसारखा वास यायचा.

"लई राग हाय हिच्यात आजून," ती म्हणे. "ही मानसाची न्हाई. ही वाघोबाची."

मग ती पहिली धार एका पातेल्यात धरी आणि मागच्या जांभळीखाली नेऊन ओते, हात जोडी आणि परत येई. वास बदलला की म्हणे, "आता आली." मी घरी जाऊन पुस्तक उघडलं, तर त्यात तेच होतं. पहिल्या भागात विषारी द्रव्यं आधी उडून येतात, तो भाग वेगळा काढून फेकावा. पुस्तकाने दीड पान खर्ची घातलं होतं, मावशीने वाघोबावर भागवलं होतं. परवान्याच्या रजिस्टरमध्येही तसा रकाना होता. 'पहिला भाग नष्ट केला', आणि पुढे माझी सही. वर्षभर माझं सगळं तज्ज्ञपण म्हणजे ती सही.

मग उद्घाटन ठरलं. माल वर्षभर मुरला होता आणि पुण्याहून हॉटेलवाले येणार होते. पंचक्रोशीतली प्रतिष्ठित मंडळी तर न बोलावताही येणार होती. त्याच आठवड्यात पाहुण्यांपुढे ठेवायला म्हणून एक ताजी भट्टी लावली. सासरे आणि शेठ दोघेही बघायला आले. मावशी पातेलं घेऊन जांभळीकडे निघाली, तशी सासऱ्यांनी तिला अडवलं.

"हे काय ओतून टाकती?"

"पहिली हाय, आण्णा. वाघोबाची."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. नारायणगावात जन्म गेलेला माणूस. तमाशाच्या राहुट्यांबाहेर, लग्नांच्या मांडवामागे, बाजारच्या दिवशी ओट्यावर, झिंगलेल्या प्रत्येक इसमाच्या तोंडून त्यांनी एकच स्तुती ऐकली होती, 'पहिल्या धारेची!' दारूविषयी त्यांना असलेलं ज्ञान एवढंच आणि ते सगळं ऐकीव. पिणाऱ्यांना ती डोक्यात झटकन जाते म्हणून आवडते आणि दुसऱ्या दिवशी ते डोकं धरून बसतात, हा भाग कुणी ओट्यावर ओरडून सांगत नाही. माळकऱ्याला तो कळणार कसा?

"अहो शेठ," ते हादरून म्हणाले, "पहिल्या धारेची! वर्षभर आपण पहिल्या धारेची झाडाला घालतोय!"

शेठही हळहळले. पण ते धार्मिक वृत्तीचे, कुणाच्या देवाचा अवमान त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "देवाचं देवाला मिळालंच पाहिजे. पण देव भावाचा भुकेला. चमचाभर पुरे." अशा तऱ्हेने वाघोबाची पातेल्यावरून चमच्यावर बदली झाली. त्या दिवसांत जुन्नर तालुक्यात उसाउसातून बिबटे हिंडत होते आणि माणसं संध्याकाळी दारं लावून बसत. अशा वेळी वाघाच्या देवाचा हिस्सा कापायला धाडस लागतं. ते आमच्याकडे भरपूर होतं, कारण पिणारे पाहुणे होते.

मावशी मात्र पातेलं सोडेना. "मानसाला देऊ नगा," ती म्हणाली. "डोळं जात्यात." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी शिकल्याल्या. तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय? सांगा की आण्णास्नी."

दीड पान लिहिलं होतं. मला ते पाठ होतं. पण सासरे समोर उभे होते, शेठ उभे होते आणि लग्न झाल्यापासून त्या घरात मी एकदाही 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता. मी पदर सावरला आणि म्हणाले, "पुस्तकात असं काही नाही, मावशी. आण्णा म्हणतात तसं करा."

तिने पातेलं खाली ठेवलं. मी रजिस्टर उघडलं. रकाना रिकामा ठेवून चालत नाही म्हणून 'नष्ट केला' लिहिलं आणि सही केली.

उद्घाटनाला खास पाहुण्यांसाठी वेगळी बाटली होती. सासरे स्वतः तिची ओळख करून देत होते, "पहिल्या धारेची बरं का, राव." पाहुण्यांत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काही महिन्यांसाठी आलेला एक परदेशी इंजिनिअर होता, शेठचा भाडेकरू. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. तो काहीतरी बोलला. त्याच्याबरोबरच्या मराठी सहकाऱ्याने ते संकोचत सांगितलं, "त्यांचे आजोबा गावी आलुबुखारची दारू काढायचे. ते म्हणतात, आजोबा हा भाग फेकून द्यायचे."

"आजोबांना कळत नसंल," सासरे म्हणाले आणि त्याला आग्रहाने भजी वाढली.

संस्कृतींचा संगम माहितीपत्रकाबाहेर तेवढा एकदाच झाला. कुठल्याशा परदेशी खेड्यातला म्हातारा आणि शिनोलीपलीकडची म्हातारी एकच गोष्ट सांगत होते. मी दोघांच्या मधे भज्यांचं ताट धरून उभी होते.

संध्याकाळपर्यंत सात पाहुणे ओकून आडवे झाले होते. दोघांना धूसर दिसू लागलं, त्यांना दवाखान्यात ठेवलं. सुदैवाने दोन दिवसांत दोघांची दृष्टी निवळली. पण तोवर उत्पादन शुल्क खात्याचे साहेब चौकशीला आले होते. सासऱ्यांनी आणि शेठनी एकमेकांकडे पाहिलं. दोन निर्व्यसनी, प्रतिष्ठित, देवभीरू माणसं. समोर तीनदा पकडलेली हातभट्टीवाली.

"आम्ही पडलो न पिणारे, साहेब," सासरे म्हणाले. "त्या बाईनेच काहीतरी मिसळलं असंल. जुनी खोड."

साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, सही तुमची? पहिला भाग नष्ट केला होता?"

खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता. कदाचित मीही आत गेले असते. मी "हो" म्हणाले. पहिला भाग मी नष्ट केला असेल, तर तो बाटलीत परत घालणारी एकच व्यक्ती उरत होती. मावशी दारापाशी बसलेली होती. तिने वाद घातला नाही, ती साहेबांच्या पाया पडली नाही. कार्ड काढून घेतलं तेव्हा दोरी तिच्या अंबाड्यात अडकली, ती तिने स्वतः सोडवून दिली. मग तिला जीपमध्ये बसवलं.

कारखाना पुढे दोन हंगाम चालला आणि कुणी माल घेईना म्हणून बंद पडला. सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले, माणसं चांगली मिळत नाहीत.

मी मात्र उद्घाटनानंतर वर्षाने तिच्या वाडीवर गेले. का गेले हे चांगल्या शब्दांत सांगता येईल, पण खरं म्हणजे मला झोप लागत नव्हती आणि मला तिच्याकडून माफी हवी होती. तिने मला ओळखलं, घोंगडी टाकली, कोरा चहा केला. मधल्या काळात तिला आणखी दोनदा नेलं होतं. आता मडकं सापडायचीही गरज उरली नव्हती, आमच्याकडचं प्रकरण पुरेसं होतं. हे तिने मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले. पुस्तकात सगळं लिहिलं होतं. तुम्ही म्हणत होतात तेच. मी वाचलेलं होतं."

तिने चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं.

"आन् मी समद्या वाडीला सांगत व्हते," ती म्हणाली, "त्या पोरीला दोस देऊ नगा. तिला ठावं नव्हतं. ठावं असतं तं ती गप बसली नसती."

मी चहा संपवला. रिकामा कप घ्यायला तिने हात पुढे केला नाही, तेव्हा तो मीच रांजणापाशी नेऊन विसळला आणि पालथा घालून ठेवला.