ओळंबामामांनी थांबवलेलं काम

कोणाच्याही घरी गेले की ओळंबामामा चहाआधी भिंत सरळ आहे का बघायला तिला ओळंबा लावत. आमच्या शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला, ऐन हारतुऱ्यांत, त्यांनी भिंत तपासली आणि मोठ्यानं सांगितलं, "पोट आलंय हिला!" ठेकेदार समोरच बसला होता.

गवंड्यांच्या संघटनेचे ते म्होरके. वाचता येत नव्हतं, म्हणून कागद घेऊन माझ्याकडे, गावच्या मास्तराकडे येत. "तुमी वाचा गुरुजी, मी ऐकून राहिलो," म्हणत आणि डोळे मिटून घेत. ऐकलेला शब्द मात्र कधी विसरले नाहीत.

वारंगा फाट्याजवळ पुलाचं काम निघालं, तेव्हा घडवलेला दगड बसवायचा कोणी यावरून गवंडी आणि पाथरवटांच्या संघटनांत जुंपली. हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झालेला. गवंड्यांचा अर्ज आधीच परभणीला गेला होता, पाथरवटांनी हिंगोलीत केला. दोन लवाद, दोन निकाल; दोन्ही मामांना मीच वाचून दाखवले. एक म्हणतो बसवणं गवंड्यांचं, दुसरा म्हणतो पाथरवटांचं. असा घोळ घालायला शिकलेलीच माणसं लागतात.

मामा म्हणाले, "शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद असला तर निवाडा होईपस्तोर त्या पट्टीत औत घालतो का कोनी?" गावची रीतच ती. दोन्हीकडच्या चाळीस माणसांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, दोन्ही लवादांचा मिळून एकच निकाल येईपर्यंत दगडाला हात लावायचा नाही. एकही फुटला नाही. पुलाच्या ठेकेदाराला आयतंच फावलं. पंधरा दिवसांत त्यानं परमुलखातली टोळी आणली, दगड बाजूला सारला आणि काँक्रीट ओतायला घेतलं. आमची माणसं शब्द पाळत फाट्यावर बसून राहिली.

पूल सुरू झाल्यावर मामा दोन्ही निकालांचे कागद घेऊन आले. "पुन्यांदा वाचा. बराबर शेवटापस्तोर."

वाचले. दोन्हींच्या अखेरीस एकच ओळ होती. अंतिम निर्णय होईपर्यंत कोणीही काम थांबवू नये. पहिल्या वेळी मी निकालापाशीच थांबलो होतो. पुढचा मजकूर नेहमीचा, ठरावीक, असं धरून चाललो होतो.

मामांनी डोळे उघडले. "हे आदी काहून न्हाई वाचलं, गुरुजी?"

मी कागदांची घडी घालून त्यांच्यापुढे ठेवली.

मामांनी मला कधी बोल लावला नाही. बाजारात भेटले की आधी रामराम तेच घालत. पण त्यानंतर आलेला प्रत्येक कागद, अगदी मरेपर्यंत, ते फाट्यावरच्या किराणा दुकानदाराकडून वाचून घेत. तो सातवी नापास होता.