एकतीस नंबरची बोट

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्यांची आधीच माफी मागतो. सहावीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण आमच्या कट्ट्यावरचे किस्से इतके साठलेत की कुणाला तरी सांगायलाच हवेत. किस्सेही कार्डांसारखेच. तेच तेच पुन्हा हाती येतात.

तेव्हा मुंबईत एका कंपनीच्या चहाच्या पुड्यात बोटीचं कार्ड निघायचं. पुढे रंगीत चित्र, मागे बोटीची माहिती. एकूण अठ्ठेचाळीस बोटी. भोईवाड्यात देवळाजवळच्या कट्ट्यावर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं बदलाबदली करायला बसायचो. कार्डाला कार्ड, विकत नाही आणि फुकटही नाही, हा दामूकाकांचा नियम. दामूकाका मिलमध्ये फिटर, माझ्यासारखेच मालवणकडचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "काय रे झिला, तू काय जमवतंस?"

"सगळं," मी म्हणालो.

"जो सगळा जमवता, तो भंगारवालो."

त्यांना फक्त लढाऊ बोटी हव्या असायच्या. प्रभादेवीच्या कर्णिकांना शिडाच्या. गिरगावच्या जयंती नावाच्या गुजराती पोराला पूर्ण संच. मला काय हवं, ते वर्षभर सांगता आलं नाही.

*

कर्णिक सरकारी कचेरीत. डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केला, पण पुडे यायचे थांबले नाहीत. एकदा मी निरोप घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी न विचारताच आधण ठेवलं.

"मी आत्ताच घेतलाय, वहिनी."

"वसंता, नाही म्हणू नकोस. चहाच्या डब्यांमुळे पलंगाखाली झाडू जात नाही. दोन कप घे."

*

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दामूकाका जायचेच. एका रविवारी मोर्चातून थेट कट्ट्यावर यायचं म्हणून त्यांनी कार्डं टोपीत ठेवली होती. लाठ्या सुरू झाल्या तशी त्यांनी टोपी काढून पोटाशी धरली. डोक्याला चार टाके पडले.

कर्णिक म्हणाले, "अहो दामूअण्णा, टोपी डोक्यावर असती तर मार कमी बसला असता."

"डोक्याची जखम भरून येता," काका म्हणाले. "कार्डाचो कोपरो मोडलो की मोडलो."

*

माझी फजितीही सांगतो. मी मैद्याची खळ करून सगळी कार्डं वहीत चिकटवली. जयंतीने वही पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"वसंत, अरे, मागचं कसं वाचणार?"

"मागचं कोण वाचतं?"

कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाऊन केटलीच्या वाफेवर एकेक कार्ड धरून त्याने सुटं करून दिलं. बोटं लाल झाली. मग स्वतःच्या संचातलं एकतीस नंबरचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे वाच. मोठ्याने."

साधी काळी-पांढरी आगबोट. मागे बंदरांची नावं होती. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. पुढचं नाव मला मोठ्याने वाचता आलं नाही. मी कार्ड त्याला परत दिलं.

मालवणला मोठी बोट लांब उभी राहते. छोट्या पडावातून तिच्यापर्यंत जावं लागतं. मी निघालो तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. "नोकरी पक्की झाली की येतो," असं तिला सांगून आलो. सहा वर्षं झाली. मी अजून बदलीवरच. रोज सकाळी मिलच्या गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या जागी काम. पक्कं काही होईना, म्हणून जाणंही होईना.

पुढच्या रविवारी मी आपणहून म्हणालो, "काका, मला एकतीस पाहिजे."

"आणि?"

"आणि काही नको."

काकांनी पहिल्यांदाच मला सरकून जागा दिली.

पण एकतीस कोणाच्याच पुड्यात निघेना. कर्णिकांच्या पलंगाखाली आणखी चार डबे गेले.

*

शेवटचा किस्सा जयंतीचा. दोन राज्यं होणार हे नक्की झालं आणि त्याच्या वडिलांनी सुरतेला जायचं ठरवलं. त्याचा जन्म गिरगावातला. सुरत त्याने लग्नकार्यापुरतीच पाहिलेली. शेवटच्या रविवारी तो आला तेव्हा त्याच्या संचात सत्तेचाळीस कार्डं होती. फक्त बारा नंबर नव्हतं. ते मला त्याच आठवड्यात मिळालं होतं.

मी ते त्याच्यासमोर ठेवलं. "घेऊन जा. संच पुरा होईल."

"फुकट नाय," दामूकाका म्हणाले.

जयंतीने बारा नंबर उचललं आणि एकतीस माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हणालो, "अरे, मग तुझी परत सत्तेचाळीसच."

"असू दे."

"वेडा आहेस का? दुसरं कुठलंही दे."

"एक इथे राहिलं की बघायला यावं लागेल," तो म्हणाला. "आणि तू ते वहीत चिकटवलंस तर बघ."

कर्णिक चष्मा पुसत बसले. त्या दिवशी पुढे काहीच बदलाबदली झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलच्या गेटवर उभा राहिलो नाही. भाऊच्या धक्क्यावर गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुठलं तिकीट?" मी खिशातून कार्ड काढलं, उलटं केलं आणि देवगडच्या पुढच्या नावावर बोट ठेवलं.