हाताची शिकवणी

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून मला वीस वर्षं होत आली. चेतासंधीचा धडा तर मी डोळे मिटूनही शिकवेन, असा माझा तोरा होता. दोन चेतापेशींच्या मधे बारीकशी फट असते. एकीकडून रसायन सुटतं, दुसरी ते झेलते. हीच देवाणघेवाण पुन्हा पुन्हा झाली, की झेलणारी पेशी झेलण्याच्या जागा वाढवते. मग तेवढ्याच निरोपाला ती जास्त जोरात उत्तर देते. वापर थांबला, की जोडणी दुबळी होत जाते. शिकणं आणि लक्षात राहणं म्हणतात ते बरंचसं हेच. फळ्यावर आकृती काढायची, मुलांना खूण करायला लावायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. घरी मात्र मी दोन महिने याच्या नेमकं उलट वागत होते, आणि त्याला सेवा म्हणत होते.

झालं असं, की बाबांना लकव्याचा झटका आला. नरखेडजवळच्या गावात त्यांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. जंबेरी या रानलिंबाच्या रोपाच्या सालीला छेद द्यायचा, त्यात संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, हे काम त्यांचा उजवा हात गप्पा मारता मारता करायचा. नेमका तोच गेला. इथे शहरात, धंतोलीतल्या दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा पाय बऱ्यापैकी चालत होता, बोलणं किंचित जड होतं. हात तेवढा मांडीवर पडून राहायचा. मी त्यांना आणि आईला माझ्याकडेच ठेवून घेतलं.

जेवणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. डाव्या हाताने जेवायचं म्हणजे बाबांना मरणप्राय. ज्या हाताने धुतो त्याच हाताने खाऊ काय, हा त्यांचा एकच सवाल. मग आई आणि मी आळीपाळीने भरवू लागलो. गावाहून भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. बाबा मात्र थोडंसं खाऊन पुरे म्हणायचे. दुखण्यात अन्न जात नसेल, असं आम्ही धरून चाललो.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी यायची. बोटांत हालचाल आहे, तरी हात सुधारत का नाही, हे तिला कळेना. एकदा ती नेमकी जेवणाच्या वेळेला आली. माझ्या हातातला घास तिने पाहिला.

"मॅडम, त्यांच्या हाताला दिवसभरात खरं काम असं एवढंच आहे," ती म्हणाली. "तेही तुम्हीच करून टाकता."

मी काय शिकवते हे तिला ठाऊक नव्हतं, हे माझं नशीब. लाजेने तोंड कुठे लपवू असं झालं मला.

तिचा उपाय साधा होता. दिवसाचे काही तास डावा हात अडकवून ठेवायचा, आणि घास कोणीही भरवायचा नाही. आई भडकली. आजारी माणसाचा धड हात बांधून ठेवायचा ही कुठली दवा, असं म्हणत ती स्वयंपाकघरात निघून गेली. बाबांना समजावायला मी बसले. मेंदूतल्या ज्या पेशी गेल्या त्या परत यायच्या नाहीत, पण शेजारच्या शाबूत आहेत. त्यांच्या जोडण्या हात वापरूनच पक्क्या होतील. चुकत चुकत, शेकडो वेळा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की कलमं करायला लागले त्या पहिल्या साली त्यांनी बांधलेले सगळेच डोळे वाळले होते. अंगठा रोज कापायचा, आणि आजोबा रोज पुन्हा चाकू हातात द्यायचे.

"हात असाच शिकते," ते म्हणाले. "आण, काय बांधाचं ते बांध."

गाडीवर घालायचा लोकरीचा हातमोजा आम्ही त्यांच्या डाव्या हातात चढवला. पुढचे आठवडे बघवत नव्हते. वरण-भाताचा घास तोंडापर्यंत पोचायच्या आत बोटांतून गळून जायचा, सदऱ्यावर, चादरीवर, कुठेही. माझा हात सारखा पुढे जायचा. शेवटी तो मांडीखाली दाबून बसायची मी सवय केली. बाबा चिडून ताट ढकलायचे आणि जरा वेळाने स्वतःच ओढून घ्यायचे. एखाद्या दिवशी कालच्यापेक्षा वाईट. मग एका सकाळी तर्जनी अंगठ्याला नीट टेकली. पुढे पंधरवड्याने पोळीचा तुकडा मोडला. वेडावाकडा होता, पण त्यांनी मोडलेला होता. आई पदराने डोळे पुसत होती आणि कांद्याचं निमित्त सांगत होती.

थंडी सरत आली होती. एका रविवारी दुपारी आलू-वांग्याची भाजी होती. बाबांनी एक पोळी संपवली, दुसरी संपवली. अर्धा तास तरी गेला असेल. ताट उचलायला मी वाकले, तर त्यांनी उजव्या हाताने ताटाची कड धरली.

"पोळी आण अजून."

आई पोळी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "तुम्हाले तं भूकच लागत नव्हती ना?"

बाबांनी तुकडा मोडून भाजीला लावला, सावकाश तोंडात घातला. "भूक लागत होती वं," ते म्हणाले. "पोरीच्या, बायकोच्या हातानं खायची लाज येत होती. म्हणून पुरे म्हणत होतो."

आईने पोळी वाढली. मी स्वयंपाकघरात गेले आणि आणखी कणीक मळायला घेतली.