मशीन लावा, साहेब

वैरागला मावसभावाचा साखरपुडा आटपून मी आणि आई मोटारसायकलवरून सोलापूरला परतत होतो. शहराच्या तोंडाशी नाकाबंदी होती. हवालदारानं हात केला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, हेल्मेट काढलं.

"कुठनं आलास?"

मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. समोर अनोळखी माणूस असला की जास्तच. "वैराग"मधल्या "व"वर जीभ अडकली ती सुटेना. मानेला झटके बसू लागले, डोळे मिटले. हवालदार जवळ येऊन तोंडाचा वास घेऊ लागला.

"किती घेतलीस रे? आईला मागं बसवून पितोस व्हय?"

आई ताडकन उतरली. "सायेब, त्यो कशाला शिवत न्हाय. त्याची जीभ..."

शाळेत, दवाखान्यात, मुलगी बघायला गेलो तिथंसुद्धा माझ्या वतीनं आईच बोलत आली होती. त्या संध्याकाळी मात्र मला ते नको झालं. मी तिचा हात धरला. "आई, थ-थांब. मी बोलतो."

आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, एवढं मनाशी ठरवलं. लायसन्स पुढे केलं.

"म-मी प्यायलेलो नाही. बोलताना अ-अडखळतो. फुंकायचं म-मशीन लावा."

"मशीन कशाला? दिसतंय की!"

"मशीन ल-लावा, साहेब. न-नवी नळी घालून."

मागं गाड्या तुंबल्या होत्या. एक रिक्षावाला हसत होता. एरवी मी खाली मान घातली असती. मी पुन्हा तेच म्हणालो, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. तेव्हा पलीकडे खुर्चीत बसलेले फौजदार उठून आले. "मागतोय तर लाव की."

नवी नळी बसली. मी छाती भरून फुंकलं. हवालदार मशीनकडे बघतच राहिला.

"क-किती आलं?"

त्यानं घसा खाकरला. "शून्य."

"म-मला दाखवा."

त्यानं मशीन माझ्यासमोर धरलं. मी तो आकडा मनसोक्त बघून घेतला. "जावा तुमी," तो लायसन्स परत देत म्हणाला. "चुकलं माझं."

गाडी सुरू झाल्यावर आई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "लई बोललास की रं आज!"

मी मोठ्यानं हसलो. मग हेल्मेटची काच वर करून बोलायलाच लागलो. अडखळत, थांबत, घर येईपर्यंत मीच बोलत होतो.