ओवळीखालचा दगड

गुरुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेडण्याला आमच्या पडवीत चहात पाव बुडवत बसलो होतो. शीलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले..." पाव चहात विरघळून गेला. खरं सांगतो, रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आला तो मोपाचा सडा, उघड्या कातळाचं पठार, विमानतळ होण्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्यावर ओणवा होऊन दगडाला जीभ लावणारा माझा मित्र.

हो, तो दगड चाटायचा. डिचोलीच्या बँकेतली खुर्ची सोडली की हा गृहस्थ दगडांचा. कोरडा दगड तोंड उघडत नाही, ओला झाला की बोलतो, असं त्याचं म्हणणं. पाणी असलं तर पाणी, नाहीतर जीभ. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून तो भटकायचा आणि परतताना माझ्या मांडीवर दगड ठेवून वर बजावायचा, "पयलीं हांकां सांबाळ, मागीर तूं." आधी दगड, मग मी. सड्यावर भोकाभोकांच्या जांभ्यावर आम्ही आडवे पडायचो. पाठीला ऊन लागायचं, वरून ढग जायचे, आणि तो सांगत राहायचा... डिचोलीच्या डोंगरांतलं लोखंड एकेकाळी समुद्राच्या तळाशी कसं बसत गेलं, थरावर थर. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. झोपेत पाण्याचा आवाज येतो असं मी त्याला एकदा सांगितलं. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

शिरगावच्या बाजूला एक डोंगर होता. गुरुदास लहानपणी तिथं चुन्नां-करवंदं असला रानमेवा खायला जायचा. खाणीसाठी तो कापायला घेतला, तेव्हा संपायच्या आधी यानं तिथला एक मोठा दगड सर्वणला घरी आणला. काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, भिजला की रेशमी काठासारखा दिसणारा. आत फळीवर त्याची जागाही ठरली होती. पण टेम्पोतून उतरवताना पाठीत चमक भरली, दगड अंगणात ओवळीखाली, बकुळीच्या झाडाखाली, राहिला आणि गुरुदास पावसाळाभर अंथरुणावर. उठून बाहेर आला तर दगडावर जास्वंद, समोर विझलेली पणती.

हे काम सुंदरमावशीचं. दोडामार्गाकडून शेतमजुरीला आलेली ही बाई रोज त्याच वाटेनं कुळागरात, माडापोफळींच्या बागेत, जायची. ओवळीखाली पट्ट्यांचा दगड दिसला, तिनं तो वस्तीचा राखणदार देव ठरवला. गुरुदास दगड उचलायला माणसं घेऊन आला, तेव्हा ती आडवी आली नाही, फक्त म्हणाली, "भाय, माजो झील खाणीर ट्रक चलयता. ह्यो हयसर बसलो आसा म्हणान माका धीर आसा." तिचा मुलगा ट्रक चालवायचा, दगड त्याच खाणीतला होता. गुरुदासनं तिला ते कधीच सांगितलं नाही. माणसं मात्र परत पाठवली.

मी चिडलो. तो डोंगर आता एवढाच उरलाय, म्हटलं. तो दगडाकडं बघत हसला. "फातराक गडबड ना रे. आमकांच आसता." पण त्याला लागलं होतं. फळीवरची ती जागा त्यानं दुसऱ्या कुठल्या दगडाला दिली नाही. जाता-येता तिथं हात फिरवायचा. आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन ओवळीखाली जायचा, पट्टे बघायला.

परवा सर्वणला गेलो. एक कॉलेज त्याचा सगळा संग्रह घेणार आहे, त्याची तशीच इच्छा होती. दगड कागदांत गुंडाळून झाले होते, फळी उघडी पडली होती. "भायल्या फातराचें कितें करूं?" वहिनींनी अंगणाकडं बोट करून विचारलं. "तो दिलो ना जाल्यार संग्रह अपुरो. हांचें सपन तें..." मी गुरुदासच्या सवयीप्रमाणं तांब्या भरून घेतला आणि अंगणात गेलो. बरेच दिवस कोणी हात न लावलेला दगड धुळीनं करडा झाला होता. पाणी ओतलं... पट्टे वर आले, काळे, मग तांबडे. आता मात्र मला रडू आवरेना.

मागं सुंदरमावशी उभी होती. चपला वाटेवरच काढलेल्या, ओंजळीत फुलं. ती दगडाकडं बघत म्हणाली, "भाय रोज आंगोळ घालीत ह्येका. आता कोण घालतलो?"

वहिनी पायऱ्या उतरून आल्या. माझ्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी हळूहळू दगडावर सोडलं.

"हांव आसां मगे," त्या म्हणाल्या.